अस्तर जाड म्हणजे कॅन्सर नव्हे

'पिशवीचं अस्तर जाड झालं की कॅन्सर सुरू झालाच समजा. तो वाढतच जातो. चाळिशीनंतर पिशवी ठेवून करायचंय काय?' हा मेसेज मला मावशीनं पाठवला. तिच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर १३ मिलिमीटर आलं होतं आणि दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून एकेक वाक्य घेते.

जाड अस्तर म्हणजे कॅन्सर? पाळी चालू असेल तर अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गळून पडतं. पाळी संपताना ते जेमतेम ४ मिलिमीटर असतं, पुढच्या पाळीच्या तोंडावर १५-१६पर्यंत जातं. मावशीची सोनोग्राफी पाळीच्या दोन दिवस आधीची होती. पाळीची तारीख माहीत नसताना नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

तो वाढतच जातो? अस्तर खरोखर आजारानं जाड झालं असेल, तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये एक शब्द शोधा: एटिपिया, म्हणजे पेशींची बिघडलेली ठेवण. ती नसेल तर २० वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या तांबीनं बहुतेकींचं अस्तर पूर्ववत होतं. एटिपिया असेल तर मात्र दुर्लक्ष नको. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट कुर्मन आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या १७० बायकांच्या अभ्यासात, पेशी बिघडलेल्या आणि ग्रंथींची दाटी झालेल्या गटातल्या २९ टक्के जणींना पुढे कॅन्सर झाला. दोन्ही नसलेल्या गटात १ टक्का. पहिल्या गटातल्या बाईला, पुढे मूल नको असेल तर, पिशवी काढा असं सांगणं योग्यच आहे. दुसरीलाही तेच सांगणं हा अन्याय आहे.

पिशवी ठेवून करायचंय काय? बीड जिल्ह्यात २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली होती. सोबत बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती अकाली येते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुढच्या हंगामात मोळ्या उचलायच्या असतातच.

मेसेजमध्ये नाही ते सांगते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी अंगावरून गेलं, डाग पडण्याइतकंच का होईना, तर तपासायलाच हवं. पाळी गेल्यानंतर अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊ जणींत हेच लक्षण असतं. मावशीच्या मोठ्या जाऊबाईंना दोन महिने डाग पडतायत. 'उष्णता असेल' म्हणून त्या कुणाला बोलल्या नाहीत. उद्या सकाळी मी त्यांना घेऊन जातेय.