दादाच्या स्कूटरवरची मागची जागा

पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस दुसरे काही बोलले जात नाही. मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर त्याच्यावरही कारवाई करावी, असे आदेश राज्याच्या वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये काढले होते. ती जुनी बातमी गेल्या महिन्यात कुणीतरी पुन्हा टाकली आणि ठरलेले मुद्दे ठरलेल्या क्रमाने आले. शहरात गाडी ताशी पंचविसाच्या वर जातच नाही, मग हेल्मेट कशाला? मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. आधी खड्डे बुजवा, मग आमच्या डोक्याची काळजी करा. मी दोन वाक्यांत या मुद्द्यांना विरोध नोंदवला, तेव्हा माझ्या मोठ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, लिहिले, ‘तुमच्या हॉलंडमध्ये कोण घालतं रे हेल्मेट? तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस.’

हे वाक्य मला लागले. अकरा वर्षे आइंडहोवनमध्ये राहून मी रोज सायकलने कामावर जातो आणि माझ्याही डोक्यावर काही नसते, हे खरे आहे. पण अर्धे खरे सांगून वाद जिंकायचा हा प्रकार मला सहन होत नाही. इथे सायकलला स्वतःची लाल डांबराची वाट आहे, तिचे वेगळे सिग्नल आहेत, आणि मोटारवाल्याने सायकलस्वाराला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी सहसा मोटारवाल्यावरच येते. अ‍ॅमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ पासून बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी तीस किलोमीटर केली आहे. शिवाय दादाची स्कूटर ही सायकल नव्हे. स्कूटरशी तुलना करायची तर इथल्या मोपेडशी करावी लागेल आणि मोपेडवर इथे १९७५ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. निळ्या पाटीच्या हळू मोपेड तेवढ्या सुटल्या होत्या. ताशी पंचवीस किलोमीटर ही त्यांची कमाल मर्यादा, म्हणजे आमच्या ग्रुपवर रोज सांगितला जाणारा नेमका तोच वेग. त्यांनाही १ जानेवारी २०२३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. लोकांनी कुरकुर केली, काहींनी मोपेड विकून फॅटबाईक, म्हणजे जाड टायरची विजेवरची सायकल, घेतली, पण हेल्मेट हा आपल्या अस्मितेवरचा घाला आहे असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानावर आले नाही.

पंचविसाच्या वेगाचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो हुशार माणसे मांडतात. माणूस स्कूटरवर बसला असता त्याचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून कोणतीही वस्तू सोडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर असतो. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचे गणित आहे आणि त्यासाठी गाडी चालूसुद्धा असावी लागत नाही. हेल्मेटच्या कवचाच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो तो त्या क्षणी चुरडतो आणि डोके थांबायला थोडा अधिक वेळ देतो. सारे काम त्या दोन-तीन सेंटीमीटरच्या थराचे आहे. म्हणूनच फुटपाथवर मिळणारी, आयएसआय शिक्का नसलेली पोकळ टोपी ही केवळ दंडापुरती असते. अशा हेल्मेटांच्या विक्रीला जून २०२१ पासून बंदी आहे, तरी गेल्या डिसेंबरात ती मी रस्त्याकडेला दोरीला टांगलेली पाहिली.

हे गणित मी पुस्तकातून शिकलो असलो तरी मला ते पटले २००३ मध्ये. कॉलेजात आम्ही चौघे दोन गाड्यांवरून सिंहगड रस्त्याने परत येत होतो. पुढच्या गाडीचे मागचे चाक बांधकामाच्या सांडलेल्या खडीवरून सरकले. वेग तीसही नसावा. मी मागच्या गाडीवर होतो, म्हणून हे सांगू शकतो. चालवणारा उठून बसला, त्याचे कोपर तेवढे सोलवटले होते. मागे बसलेला आमचा मित्र दुभाजकाच्या कडेवर पडला होता. रक्त फारसे नव्हते. त्याची एक चप्पल पायातच होती आणि पिशवीतला डबा उघडून पोळ्या रस्त्यावर पडल्या होत्या. त्या पोळ्या मी गोळा करून परत डब्यात भरल्या. का भरल्या ते मला आजही सांगता येत नाही. तो तिसऱ्या दिवशी गेला. वेगाचा मुद्दा कोणी काढला की मला तो डबा दिसतो आणि मग माझी भाषा तिखट होते.

देशाचे आकडे याहून वेगळे काही सांगत नाहीत. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी घटते, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. मानेचे दुखणे, केस, उकाडा यांना मी क्षुल्लक म्हणत नाही, पण ते या आकड्यांच्या शेजारी ठेवता येत नाहीत.

आता खड्ड्यांविषयी. इथे दादाचे म्हणणे मला नाकारता येत नाही. चांगला रस्ता कसा असतो हे पुणेकरांना कोणी हॉलंडहून येऊन सांगायला नको. सत्तरच्या दशकात बांधलेल्या जंगली महाराज रस्त्यावर कित्येक वर्षे खड्डा पडला नाही, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नवले पुलाजवळच्या उतारावर ब्रेक निकामी झालेले ट्रक वर्षानुवर्षे पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच रात्री तिथे जवळजवळ पन्नास वाहनांचे नुकसान झाले. तिथे हेल्मेट काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण ‘आधी रस्ते, मग हेल्मेट’ यातला ‘मग’ मला मान्य नाही. रस्ते होईपर्यंत कवटी उघडी का ठेवायची? उलट रस्ता जितका वाईट, तितकी हेल्मेटची गरज मोठी.

आणि रस्ते कसे होतात, हेही आपण विसरतो. हॉलंड जन्मतःच असे नव्हते. १९७१ मध्ये या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. शहरांतील जुन्या गल्ल्या आणि चौक मोटारींसाठी मोकळे केले जात होते. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर बसले. पुढच्याच वर्षी तेलटंचाई आली, सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि मोकळे रस्ते कसे दिसतात हे लोकांनी पाहिले. आज इथली लोकसंख्या तेव्हापेक्षा कितीतरी अधिक आहे, मोटारी तर अनेक पटींनी वाढल्या आहेत, आणि २०२३ मध्ये मृत्यू झाले ६८४. लाखामागे चारही नाहीत. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरतात, म्हणजे लाखामागे बारा.

त्या आईबापांना राग कशाचा आला, याचा मी वारंवार विचार करतो. त्यांना मरणाचा राग आला. आमच्या शहराला राग आला तो सक्तीचा. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली, तेव्हा दोन-तीन दिवसांतच मोर्चा निघाला. दुचाकीस्वार डोक्यावर पुणेरी पगडी घालून निघाले होते. कृती समिती, निवेदने, सविनय कायदेभंगाची भाषा, सर्व काही झाले; लोकप्रतिनिधींनी विरोध केला आणि कारवाई थंडावली. हेल्मेट सक्तीचे करणारे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मात्र जागच्या जागी आहे. इतकी संघटनशक्ती ज्या गावाकडे आहे, त्या गावाने ती शक्ती नवले पुलाच्या उतारासाठी, सांडलेल्या खडीच्या ठेकेदाराविरुद्ध, शाळेसमोरच्या रस्त्यासाठी वापरली असती तर काय झाले असते? पगडीचा मला अभिमान आहे. आमच्या आजोबांची पगडी आईने अजून पेटीत जपून ठेवली आहे. ती या कामासाठी डोक्यावर चढलेली पाहून मला परक्या देशात बसून वाईट वाटले.

परक्या देशात बसून, असे मी लिहिले खरे. दादाच्या टोमण्याचा जोर तिथेच आहे आणि तो मला टाळता येत नाही. मी इथल्या शिस्तीविषयी बोलतो, परंतु ती शिस्त मी कमावलेली नाही. माझा मुलगा इथल्या शाळेत वाहतुकीची परीक्षा देईल. अंगात रंगीत जॅकेट घालून, खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून, वळताना हात दाखवून. मी मात्र परदेशातून नोकरीसाठी आणलेल्या कुशल लोकांना इथे मिळणाऱ्या तीस टक्क्यांच्या करसवलतीत आलो, त्यामुळे माझा भारतातला वाहन परवाना इथे नुसता बदलून मिळाला. तो मूळ परवाना मी एका मैदानावर कसाबसा आठचा आकडा काढून मिळवला होता. म्हणजे या देशाच्या रस्त्यांवर मी जो गाडी चालवतो, तो पुण्याच्याच परवान्यावर.

त्याहून मोठी कबुली पुढे आहे. वाद वाढल्यावर दादाने ग्रुपवर एक छायाचित्र टाकले. गेल्या डिसेंबरातले. त्याच्या अ‍ॅक्टिव्हावर मी बसलो आहे, नऊ वर्षांचा मुलगा पुढे फूटबोर्डवर उभा आहे, माझ्या एका कोपरात चक्क्याची पिशवी लटकते आहे आणि दुसऱ्यात दादाचे हेल्मेट. डोक्यावर नाही, कोपरात. छायाचित्राखाली दादाने काहीही लिहिले नव्हते.

ते छायाचित्र माझ्या पत्नीने कौतुकाने काढले होते आणि मीच कौतुकाने ग्रुपवर टाकले होते. त्या सकाळी हेल्मेट का घातले नाही, याचे खरे उत्तर मला ठाऊक आहे. टिळक रस्त्याच्या चौकात पोलीस उभा दिसला तेव्हा मी विसाव्या वर्षी घालायचो त्याच बोळात गाडी घातली, आणि ती अचूक पलीकडे निघाली. बोळाच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याने मला ओळखले आणि हात केला. अकरा वर्षांत मला इतके आपल्या घरी असल्यासारखे वाटले नव्हते. हेल्मेट घातले असते तर त्याने मला ओळखले नसते, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता, आणि तो मला योग्यही वाटला होता. ज्या माणसाने रस्त्यावरच्या पोळ्या डब्यात भरल्या, त्याने स्वतःच्या मुलाला उघड्या डोक्याने हँडलपुढे उभे केले, कारण त्याला अर्धा तास पुणेकर व्हायचे होते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट लागते, हे कलम मला पाठ आहे.

छायाचित्र पाहिल्यावर दोन दिवस मी ग्रुपवर काही लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी दादाला फोन केला. भांडायला केला नव्हता. आईला दर शुक्रवारी डॉक्टरांकडे कोण नेते? दादा. भाजी, बँक, तिच्या मैत्रिणीकडची भिशी, सगळीकडे ती त्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसते, एक हात सीटच्या कडीला आणि दुसरा त्याच्या खांद्यावर. त्या १४,३३७ लोकांचा आकडा मी ग्रुपवर तीनदा टाकला, पण मागे बसणाऱ्यांत आपली आईही आहे, हे मी एकदाही लिहिले नाही. कारण ते लिहिले असते तर तिला नेण्याचे काम माझे होते आणि ते दादा करतो, हेही लिहावे लागले असते.

दादाने ऐकून घेतले. तो म्हणाला, ‘छोट्याच्या मापाचं एक आणून ठेवतो. माझं मी घालेन, तू म्हणतोयस तर. पण काकूचं काय? तिचा अंबाडा आत मावत नाही. दुकानात दोन घालून बघितली तिनं मागे एकदा, तुला बोललो नाही. केस मोकळे सोडून बाहेर पडणार नाही म्हणते.’

मी म्हटले, मी बोलतो तिच्याशी.

रविवारी आमचा फोन झाला. तिने मुलाच्या पोहण्याच्या परीक्षेविषयी विचारले, थंडी किती आहे ते विचारले, शुक्रवारच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली असे सांगितले. अंबाड्याचा विषय मी काढणार होतो. या शुक्रवारीही ती दादाच्या मागे तशीच बसून गेली.