‘समन्वयक कशाला हवा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, नाशिकमध्ये रोजगाराच्या प्रत्येक योजनेला कार्यालय आहे, मग या सगळ्या योजना जोडणारा समन्वयक वर नेमणं म्हणजे आणखी एक बैठक. त्याच पैशात मोठा रोजगार मेळावा भरवावा.

बैठकांचा मलाही उबग आहे. पण समन्वयकाचं काम बैठकीत नसतं, एका सामायिक यादीत असतं: माणशी एकच नोंद, मग तो कोणत्याही खिडकीवर गेलेला असो. ती नसली की एकच मुलगा तीन अहवालांत ‘लाभार्थी’ ठरतो आणि तरी घरीच असतो.

योजना एकमेकींना पर्यायी नाहीत. २०२४ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी आहे. दरमहा विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. सतराव्या वर्षी आयटीआय झालेली मुलगी तिथे बसतच नाही. तिची वाट शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जागा मागायला आधार आहे. ‘तुमचं वय बसत नाही’ म्हणून परत पाठवण्याऐवजी तिला तिथे पोचवायचं कोणी? एका योजनेच्या कारकुनाला दुसरीची उद्दिष्टं दिलेलीच नसतात.

विद्यावेतन अडकतं तेही बहुधा खिडक्यांच्या मधल्या फटीत. आधार खात्याला जोडलेलं असणं पुरत नाही. पैसे त्याच खात्यात जातात जे एनपीसीआयच्या (बँकांमधली देयकं हाताळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत शेवटचं जोडलं गेलं. मुलगा नव्या खात्याचं पासबुक भरून बघतो, रक्कम जुन्या जनधन खात्यात पडलेली असते. रुजू होण्याआधीच आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे ते, बघावी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे दुसऱ्या महिन्यात मुलं काम सोडतात.

मेळावा जरूर घ्या, पण दहा दिवस आधी प्रत्येक कंपनीकडून लेखी घ्या: ट्रेड, पीएफ कापून हातात येणारा पगार, पाळी, बस आहे का. सिन्नरला दुसरी पाळी रात्री सुटते. परतीची सोय नसेल तर पंचवटीतली मुलगी नियुक्तिपत्र घेईल, रुजू होणार नाही. एका जागेसाठी तीन-चार जुळणारे उमेदवार पाठवा, तीनशे नव्हे. आणि आकडा नियुक्तिपत्रांचा छापू नका. रुजू किती, तीस दिवसांनी किती, नव्वद दिवसांनी किती, हे फोन करून लिहायला एक माणूस लागतो. मी त्यालाच समन्वयक म्हणतो, आणि त्याचा पगार मेळाव्याच्या मांडवाआधी मंजूर व्हावा असं माझं ठाम मत आहे.