अल्बर्ट एलिस यांनी ‘मन मारा’ असं कधी सांगितलं?

मानसोपचाराबद्दलचा एक मजकूर बऱ्याच ग्रुपवर मुक्काम ठोकून आहे. त्याचं सार असं: आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, ही अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन कॉमर्सवाल्याने काढलेली पद्धत. तिचं म्हणणं, परिस्थिती कशीही असो, दुःखाला तुमचे विचारच जबाबदार. तेव्हा भावना गिळा आणि पॉझिटिव्ह राहा. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही पद्धत मराठीत इतकी वर्षं समजावून सांगितली आहे, तरीही हे फिरतं याचं नवल वाटतं.

आधी कॉमर्सचं. 1934 साली एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेतली, हे खरं. मजकूर तिथेच थांबतो. पुढे कोलंबिया विद्यापीठातून 1943 मध्ये चिकित्सा-मानसशास्त्राची एम.ए. आणि 1947 मध्ये पीएच.डी. झाली. मग मनोविश्लेषणाचं रीतसर प्रशिक्षण, आणि त्याच पद्धतीने काही वर्षं प्रॅक्टिस. समोरच्याला आपल्या त्रासाचं मूळ कळतं, पण वागणं काही बदलत नाही, हे पाहून ते वैतागले आणि 1955 च्या सुमारास त्यांनी स्वतःची वेगळी वाट धरली, तीच ही आरईबीटी.

‘पॉझिटिव्ह राहा’ हा आरोप तर अगदीच उलटा आहे. समजा, मुलाखतीत नकार आला. ‘जाऊ दे, यातही काहीतरी चांगलंच असेल’ ही समजूत एलिस यांना पटली नसती. नकार वाईटच आहे आणि वाईट वाटणार. ते बोट ठेवतात मनातल्या पुढच्या वाक्यावर: ‘ही नोकरी मला मिळायलाच हवी होती, नाही मिळाली म्हणजे मी कुचकामी.’ मिळायलाच हवी, हा नियम कुठे लिहिलाय? एका नकाराने अख्खा माणूस कुचकामी कसा ठरतो? अशी उलटतपासणी झाली की दुःख राहतं, खचून जाणं ओसरतं. तसंच, धास्ती गेली तरी काळजी उरते. भावना गिळायच्या असत्या, तर हा फरक करत बसायची गरजच नव्हती.

शिवाय नुसत्या विचारांवर त्यांचा भरवसा कधीच नव्हता. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायचं म्हटलं की त्यांना धडकी भरायची. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायला लागायचं, असा नेम त्यांनी स्वतःला घालून घेतला. महिनाभरात शंभराहून अधिक जणींशी प्रयत्न झाला. काही सरळ उठून गेल्या. भेटायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही! पण आभाळ कोसळलं नाही आणि भीड चेपली. पुढे क्लायंटना ते असाच गृहपाठ देत. लाजेने मरणाऱ्याला सांगत, मेट्रोत मोठ्याने स्टेशनचं नाव पुकार, नाहीतर केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून फिरव.

‘दुःखाला विचारच जबाबदार, म्हणजे दोष पीडिताचाच’ हा आक्षेप गंभीर आहे. मारणाऱ्या नवऱ्यामुळे बाईला भोगावं लागतं, ते तिच्या विचारांमुळे नव्हे, आणि मारणं चूकच. थेरपी पाहते ती ‘मी याच लायकीची आहे’, ‘याच्याशिवाय माझं काय होईल’ ही तिच्या पायातली बेडी. ती सुटली की पोलिसांत जाणं, वेगळं राहणं शक्य होतं. नवरा मारतोय तरी शांत राहा, असं सांगणारा समुपदेशक भेटलाच, तर तो एलिस यांच्या नावावर स्वतःचं काहीतरी खपवतोय.

मजकुरात नसलेला एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. एलिस फटकळ होते, तोंडात शिव्याही असत. 1964 साली त्यांच्यासह तीन थेरपिस्टांनी एकाच स्त्रीशी केलेल्या संवादांचं चित्रीकरण झालं. त्यात एलिस तिच्यापेक्षा जास्त बोलतात. ज्याचं जवळचं कुणी नुकतंच वारलंय अशा माणसापुढे असं बोलणारा थेरपिस्ट मी तरी सुचवणार नाही. पण तो त्यांचा स्वभाव. तीच पद्धत मऊपणे वापरणारे पुष्कळ आहेत.