‘बाइंड करा आणि उडवा’ म्हणणाऱ्यांना

मॉडेल विमानं उडवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. नवख्या माणसाने नव्या रेडिओचा फोटो टाकला की कोणीतरी तो चिकटवतोच. त्यातला ऐवज थोडक्यात असा: २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यापासून रेडिओ जुळवण्यात शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. बाइंड करा, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरशी विमानातल्या रिसीव्हरची जोडी जुळवा, आणि उडवा. व्यत्यय येत नाही, त्यामुळे रेंज चेकची, म्हणजे सिग्नल किती दूर पोचतो ते बघण्याची, कटकट नको. अँटेना कशीही ठेवली तरी चालते. सिग्नल गेलाच तर फेलसेफ आपोआप सांभाळून घेतो. सर्वोचं, म्हणजे विमानाचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींचं, काय ते ट्रान्समीटरच्या मेनूतून जुळतं. आणि एवढं करून विमान पडलं, तर रेडिओ स्वस्तातला होता, पुढच्या वेळी भारीतला घ्या.

नवख्याला घाबरवू नये, हा हेतू मला मान्य आहे. पण मी स्वतः याच धाटणीच्या सल्ल्यावर विसंबून दोन विमानं मातीत घातली आहेत, आणि दोन्ही वेळा रेडिओचा काही दोष नव्हता.

बाइंड म्हणजे काय, इथून सुरुवात करू. बाइंड करताना रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरचा ओळखक्रमांक लक्षात ठेवतो आणि त्यापुढे फक्त त्याचंच ऐकतो. एवढंच. विमानाला पंख किती, कुठला सर्वो कुठल्या बाजूला बसवलाय, मोटर कुठल्या टोकाला बंद होते, यातलं त्याला काहीही कळत नाही. त्यामुळे बाइंड झालेलं विमान उलट्या एलेरॉनसह (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) खुशाल धावपट्टीवर उभं राहू शकतं, आणि राहतंही. नव्या विमानाचं पहिलंच उड्डाण चार सेकंदांत संपण्याचं हे ठरलेलं कारण.

तपासायचं विमानाच्या मागे उभं राहून. एलेरॉनची काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, डावा खाली. पुष्कळांना हे उलटं वाटतं, कारण मन म्हणतं ‘उजवीकडे वळायचं तर उजवीकडचं खाली’. खाली जायचा असतो तो पंख. एलेरॉन वर उचलला की त्या बाजूची उचल कमी होते आणि पंख झुकतो. एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या पट्टीची) काठी स्वतःकडे ओढली की त्याची मागची कड वर, रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडे दिला की मागची कड उजवीकडे. त्रिकोणी पंखाच्या विमानात, जिथे दोनच सर्वो एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हींचं काम करतात, तिथे आणखी एक गंमत होते: एलेरॉनची काठी हलवली की दोन्ही पृष्ठभाग एकदम वर-खाली होतात आणि एलिव्हेटरची हलवली की विरुद्ध दिशांना जातात. लोक दोन काठ्यांच्या आज्ञा एकत्र करणाऱ्या मिक्सिंगच्या मेनूत तासभर डोकं घालतात. बहुतेक वेळा दोघांपैकी एका सर्वोची दिशा उलटवली की काम होतं. त्यानंतरही काही उलटं राहिलं तर पहिल्याऐवजी दुसऱ्याची उलटवून किंवा दोघांचे प्लग अदलाबदल करून बघायचं.

ही तपासणी दर उड्डाणाआधी करायची. एका ट्रान्समीटरमध्ये दहा विमानांच्या मेमरी असतात आणि कालच्या विमानाची मेमरी लावून आजचं विमान उडवायला निघालेले महाभाग मी पाहिले आहेत. काही रेडिओ अशा वेळी रिसीव्हरला जोडूनच घेत नाहीत, पण सगळे इतके शहाणे नसतात.

‘व्यत्यय येत नाही.’ यात खरं आहे ते आधी मान्य करतो. ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या काळात प्रत्येक रेडिओला आपला चॅनल असे आणि तो क्रिस्टलवर ठरे. मैदानावर फळी असायची, तिच्यावर चॅनलच्या क्लिपा. ज्याच्याकडे क्लिप, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. कोणी विसरून गाडीतल्या गाडीत आपला ट्रान्समीटर चालू केला, की हवेतल्या विमानाला एकदम दोन धनी व्हायचे आणि ते कोणाचंच राहायचं नाही. ती धास्ती २.४ ने खरोखर संपवली. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ठरलेल्या क्रमाने एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारत राहतात आणि दुसऱ्याच्या रिसीव्हरला आपलं बोलणं समजत नाही.

पण २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा एकट्या आपला नाही. वायफाय तिथेच आहे, ब्लूटूथ तिथेच आहे. त्या गर्दीत माहितीची काही पाकिटं हरवतात, पुढची पोहोचतात, आपल्याला पत्ता लागत नाही. आणि गोम इथेच आहे. जुना रेडिओ रेंजच्या कडेला आला की सर्वो थरथरायला लागायचे; ती सूचना होती, विमान परत वळवायला वेळ मिळायचा. डिजिटल रेडिओ थरथरत नाही. ठीक, ठीक, ठीक, आणि मग काहीच नाही. म्हणून तर रेंज चेकची गरज जुन्यापेक्षा आज जास्त आहे.

ट्रान्समीटरमध्ये रेंज चेकचा पर्याय असतो, तो शक्ती मुद्दाम कमी करतो. मग माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर, साधारण तीसेक पावलांवर जायचं आणि सगळे कंट्रोल हलवून बघायचे. सोबत्याने विमान फिरवून नाक, शेपूट, पंखाचं टोक असं सगळ्या बाजूंनी दाखवायचं. पुष्कळ जण इथे थांबतात. खरी परीक्षा त्यापुढे आहे: विमान मागून घट्ट धरलेलं असताना मोटर चालवून हेच सगळं पुन्हा. मोटर बंद असताना उत्तम आणि चालू केल्यावर अडखळत असेल, तर दोष हवेत नाही. तो विमानाच्या पोटातच, मोटरच्या तारांशेजारी नाहीतर वीजपुरवठ्यात आहे.

यालाच लागून अँटेनाचा मुद्दा. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरमधून येणाऱ्या बारीक वायरच्या टोकाला जो सोललेला तुकडा असतो तो एवढाच असतो, आणि अँटेना म्हणजे फक्त तो तुकडा. मागची वायर नुसती वाहतूक करते. एकाने ती ‘लोंबते म्हणून’ बोटाभोवती गुंडाळून बॅटरीखाली टेपने दाबलेली मी पाहिली आहे. टोक सरळ हवं. बॅटरीपासून, मोटरच्या तारांपासून आणि विशेषतः कार्बन फायबरपासून दूर हवं, कारण कार्बनच्या आत ठेवलेली अँटेना म्हणजे पत्र्याच्या डब्यात ठेवलेला फोन. ७२ मेगाहर्ट्झची लाट चार मीटरहून लांब होती, ती लहानसहान अडथळ्यांना वळसा घालून जायची. ही साडेबारा सेंटिमीटरची लाट तितकी सोशिक नाही. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी धड ऐकते. ट्रान्समीटरच्या दांडीसारख्या अँटेनाचं टोक मात्र बंदुकीसारखं विमानावर रोखायचं नाही. सिग्नल दांडीच्या कुशीतून बाहेर पडतो, टोकाकडे तो सर्वांत क्षीण असतो.

कोणी म्हणेल, मग जास्त शक्तीचा ट्रान्समीटर घेऊ. अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. अँटेना नीट लावायला फक्त टेप लागते.

‘फेलसेफ आपोआप सांभाळून घेतो.’ या वाक्याचा मला खरा राग आहे. सिग्नल गेल्यावर रिसीव्हरने काय करायचं याची उत्तरं रिसीव्हरगणिक वेगळी. काही शेवटची आज्ञा धरून बसतात. तुम्ही पूर्ण थ्रॉटलवर चढत असाल तर विमान पूर्ण थ्रॉटलवर चढतच राहणार. काही आधी ठरवून दिलेल्या जागी जातात. आणि काही, बाइंड करताना काठ्या जिथे होत्या ती जागा कायमची लक्षात ठेवतात.

या तिसऱ्या जातीने मला एकदा चांगलाच धडा दिला. बाइंड करताना थ्रॉटलची काठी तळाशी होती, अगदी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे. नंतर ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) तयारच होईना, कारण त्या ट्रान्समीटरचा थ्रॉटल उलटा होता. मेनूत जाऊन दिशा उलटवली, मोटर छान चालायला लागली, मी खूश. पण रिसीव्हरने फेलसेफ म्हणून जपलेला आकडा उलटवण्याआधीचा होता. तेव्हा काठी तळाशी म्हणजे २ मिलिसेकंदांची विजेची स्पंद जात होती, आणि ईएससीच्या भाषेत २ मिलिसेकंद म्हणजे पूर्ण थ्रॉटल. टेबलावर ट्रान्समीटर बंद केला आणि मोटर किंचाळत सुटली. प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढलेला होता म्हणून हे दहा बोटांनी लिहितोय.

तेव्हा प्रॉप काढा, थोडा थ्रॉटल द्या, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे. दिशा, एंड पॉइंट (सर्वोच्या हालचालीची टोकाची मर्यादा) किंवा बाइंड यांपैकी काहीही बदललं की ही चाचणी पुन्हा. आणि फेलसेफ विमान वाचवत नाही, हेही एकदा समजून घ्यावं. ते फक्त मोटर बंद करून विमान जवळपास खाली आणतं, म्हणजे ते कोणाच्या तरी छपरापर्यंत स्वतःच्या जोरावर जात नाही.

सर्वो मेनूतून जुळतात का? जुळतात, पण ती शेवटची पायरी. सर्वोला सेकंदाला साधारण ५० स्पंद जातात. दीड मिलिसेकंदाची स्पंद म्हणजे मध्य, १ आणि २ ही दोन टोकं. रेडिओ चालू करून, ट्रिम आणि सबट्रिम (सर्वोचा मध्य किंचित सरकवणाऱ्या सोयी) शून्यावर ठेवून, मगच सर्वोचा हात पुशरॉडशी (सर्वोपासून पृष्ठभागापर्यंतची सळई) काटकोनात बसवायचा. सर्वोच्या दांड्यावरच्या दात्यांमुळे तो नेमका बसत नाही, थोडा तिरका राहतो. मग हाताचं दुसरं टोक वापरून बघायचं, उरलेला फरक पुशरॉडच्या स्क्रूने काढायचा आणि त्यातूनही केसभर राहिलं तर सबट्रिम. हातच चुकीच्या दात्यावर बसवून सगळी भरपाई सबट्रिमने केली, की एका बाजूची हालचाल आधीच संपते.

एंड पॉइंटचंही तसंच. पृष्ठभाग फार हलतोय म्हणून एंड पॉइंट ४० टक्क्यांवर आणणारे म्हणतात, झालं की काम. झालं, पण रेडिओ पूर्ण हालचाल १,०२४ पायऱ्यांत मोजत असेल तर त्यांतल्या जेमतेम चारशे वापरात राहिल्या, आणि गिअरमधली ढिलाई होती तेवढीच राहून उरलेल्या हालचालीच्या मानाने वाढली. त्यापेक्षा पुशरॉड सर्वोच्या हातावर आतल्या भोकात आणि कंट्रोल हॉर्नवर (पृष्ठभागाला जोडलेला कान) बाहेरच्या भोकात घाला. सर्वो पूर्ण फिरतो, पृष्ठभाग हवा तेवढाच हलतो, वर जोरही वाढतो. एक्स्पोबद्दल (काठीच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारी सोय) एवढंच, की काही रेडिओंत उणे आकडा मधला भाग मऊ करतो आणि काहींत अधिक. दुसऱ्याचा आकडा उतरवून घेण्याआधी पडद्यावरची रेघ बघा. ती मध्यावर आडवी झाली पाहिजे, उभी नव्हे.

काठी सोडल्यावरही एखादा सर्वो गुणगुणत असेल तर तो बहुधा कशाला तरी रेटतोय. बिजागरी घट्ट आहे, पुशरॉड घासतोय किंवा टोकाला पृष्ठभाग अडकतोय. तो आवाज म्हणजे करंट आहे, आणि इथून आपण शेवटच्या दाव्यावर येतो.

‘पडलं तर रेडिओ स्वस्तातला होता.’ रोग रेड्याला, औषध पखालीला. माझं दुसरं विमान उतरताना शेवटच्या वळणात अचानक निर्जीव झालं. धावत गेलो तर गवतात पडलेल्या विमानाचे सर्वो काठीला नीट उत्तर देत होते. भोवतालचे सगळे म्हणाले, सिग्नल गेला. पण रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता, आणि पुस्तिकेत त्याचा अर्थ स्पष्ट लिहिलेला होता: मध्येच वीज जाऊन रिसीव्हर पुन्हा चालू झालाय.

गणित सोपं आहे. रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट पुरवतो तो ईएससीमधला बीईसी. तो साधा लिनिअर प्रकारचा असेल तर जास्तीचे व्होल्ट उष्णता करून टाकतो. तीन सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट. म्हणजे प्रत्येक अँपिअरमागे सर्वोंना ५ वॉट आणि त्या नखाएवढ्या चिपला ७.६ वॉट उष्णता. चार डिजिटल सर्वो, त्यातला एक गुणगुणणारा, वळणात सगळे एकदम जोर लावणारे. चिप तापते, स्वतःला वाचवायला बंद पडते, रिसीव्हर मरतो. या ठिकाणी तिप्पट किमतीचा रिसीव्हरही तितक्याच निमूटपणे मेला असता.

उपाय म्हणजे स्विचिंग प्रकारचा वेगळा बीईसी. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली मधली लाल तार काढून तिच्या टोकावर टेप लावायची, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडत नाहीत. मग रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलच्या खाचेत व्होल्टमीटर लावून सगळ्या काठ्या एकदम गरागरा फिरवायच्या, जमल्यास पृष्ठभाग बोटाने हलकेच अडवून. साधा मल्टिमीटर क्षणभराची घसरण दाखवायला सुस्त असतो. टेलिमेट्री (विमानाकडून ट्रान्समीटरला परत येणारी माहिती) असेल तर तिने नोंदवलेला सर्वांत कमी आकडा बघावा. ५ व्होल्टच्या बीईसीवर तो ४.५ च्या खाली डोकावला तर मी विमान त्या दिवशी घरी नेतो.

त्या पडलेल्या विमानातला रिसीव्हर आजही दुसऱ्या विमानात उडतोय.