फिक्सिंग नसलं तरी

काल रात्री शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कडाक्याचं भांडण झालं. मंदारला क्रिकेटच्या सट्ट्यावर डॉक्युमेंटरी करायची आहे. सुरुवात त्याने ठरवूनच आणली होती : एप्रिल २०००, दिल्ली पोलिसांनी ऐकलेले फोन, फिक्सिंगमध्ये अडकलेला दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए. तिथून थेट २०१३ची आयपीएल, सुप्रीम कोर्टाची लोढा समिती, चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी.

"हे सगळ्यांना पाठ आहे," सुहास म्हणाला.

"पाठ असू दे. थरार आहे त्यात."

मी इथेच अडवलं. फिक्सिंग दाखवलंस की बघणारा म्हणणार, चोर खेळाडू आणि बुकी. मॅच सरळ झाली तर पैसे लावायला काय हरकत? मॅच शंभर टक्के सरळ झाली तरी पंटर, म्हणजे पैसे लावणारा, बुडतो, हे कोण सांगणार?

सुहासचे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे मटक्याचा हिशेब त्याने घरीच ऐकलाय. शून्य ते नऊ, दहा आकडे. एक आकडा लावायचा, लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे कुणी काही लबाडी न करता दहातला एक रुपया मालकाकडे.

"ॲपवरही तेच," म्हणत अस्मिताने वडापावचा कागद उलटा केला. दोन्ही टीम बरोबरीच्या, दोघींना भाव १.९०. इकडे कुणी शंभर लावले, तिकडे कुणी शंभर. जमले दोनशे, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद. दहा रुपये उरले. कोण जिंकलं याच्याशी ॲपवाल्याला देणंघेणं नाही.

"शंभराला पाच. मटक्यापेक्षा कमीच की!" मंदार म्हणाला.

"मटक्याचा निकाल दिवसात दोनदा, ओपन आणि क्लोज," अस्मिता म्हणाली. " टी-ट्वेंटीत बॉल किती? दोनशे चाळीस. प्रत्येक बॉलवर लावता येतं. तेच शंभर दहा वेळा फिरव, सरासरी साठ उरतात."

तो कागद मंदारने घडी घालून खिशात ठेवला. मला तेव्हाच वाटलं, गाडी रुळावर आली.

मग कायद्यावरून जुंपली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, आता कशाला ही डॉक्युमेंटरी, असं सुहासचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. क्रिकेटचा सट्टा आधी तरी कुठे कायदेशीर होता? तरीही बुकीकडे लगाई-खाई, म्हणजे टीमच्या बाजूने नाहीतर विरुद्ध पैसे लावणं, चालायचीच. आता व्हॉट्सॲपवर सट्टा लावायचा आयडी मिळतो.

माझ्या मामेभावालाही तसाच मिळाला. त्याची हिशेबाची वही मी पाहिली आहे. डावीकडे तारीख, उजवीकडे रक्कम, जिंकलेल्या रकमांभोवती हिरव्या पेनाने गोल. मार्चपर्यंत बरेच गोल आहेत. मेमधल्या एका ओळीत फक्त 'पाटल्या' लिहिलंय आणि पुढे ६०,०००. त्या मामीच्या होत्या. मॅच कुणी फिक्स केली नव्हती.

हे सांगितल्यावर कुणीच बोललं नाही. बऱ्याच वेळाने मंदारने विचारलं, "तो कॅमेऱ्यासमोर बोलेल?"

"चेहरा घेऊ नकोस. वही घे, पानं उलटणारा हात घे."

"आणि मामी?" अस्मिताने विचारलं. "पाटल्या तिच्या. आधी तिला विचारा."

रविवारी मी मामीकडे जातोय. ती नको म्हणाली तर वही वगळायची, हे मंदारने कबूल केलंय.