भडंगाच्या स्टॉलवर आज मी गप्प बसले

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. जेवणं झाली, ओटा आवरला, तरी तेच डोक्यात फिरतंय. म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

सांगलीतल्याच एका कॉलेजमध्ये कामासाठी गेले होते. कोणतं ते सांगत नाही, पोरांना उगाच ताप नको. आत पार्किंगच्या कडेला दोन बाकं जोडून पोरांनी स्टॉल मांडला होता. भडंग, ताक, नारळाच्या वड्या. वर दोरीला रेडियमचे पट्टे लटकवलेले, रात्री गाडीवाल्यांना कुत्रं दिसावं म्हणून पोरींनी घरी शिवून आणलेले. आवारातल्या नऊ कुत्र्यांची नसबंदी, रेबीजची लस, आणि एकीच्या मागच्या पायाला किडे पडलेत तिचं ड्रेसिंग, यासाठी पैसे जमवत होते. सगळं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. खाली आणखी एक ओळ होती: "भडंग ५० रुपये. प्राण्याला छळलं तर पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये."

मी दोनदा वाचलं. १९६० चा कायदा आणि अजून तोच आकडा. जीव घेतला किंवा कायमचं अपंग केलं तर वेगळं कलम लागतं, हे मलाही माहीत आहे. पण लाथा घालणाऱ्याला, उपाशी बांधून ठेवणाऱ्याला एका पुडीएवढा दंड? पोरांनी किंमत मुद्दाम ती ठेवली होती. मला भरून आलं.

तेवढ्यात माझ्या ओळखीचे एक काका आले. पुठ्ठा वाचला आणि पुडी बांधणाऱ्या पोरीला म्हणाले, "काय गं, माणसं संपली का मदत करायला? आईबापांनी शिकायला पाठवलंय का कुत्र्यांचे लाड करायला? कोर्टानंच सांगितलंय हाकला म्हणून, आणि तुम्ही पैसे कसले गोळा करता?"

ती पोर असेल अठरा-एकोणीसची. हातातल्या कागदाची तीच घडी तिनं तीनदा घातली. मग म्हणाली, "काका, भडंग तरी घ्या." ते हात झटकून निघून गेले.

आणि मी? मी पन्नासाची नोट दिली, पुडी घेतली आणि आले. काकांना एक शब्द बोलले नाही.

राणीच्या वेळीही असंच गप्प बसले होते.

जुन्या मैत्रिणींना राणी आठवत असेल. गावभागातल्या आमच्या पायरीवर राहायची. रस्त्यावरचीच, पण पायरी तिची. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला. बोट आली. सासूबाई, शेजारच्या आजी, दोन लहान पोरं, सगळ्यांना बसवलं. राणी जिन्यात उभी होती, पोटापर्यंत पाणी. बोटीतलं कुणीतरी ओरडलं, "माणसांना जागा नाही, कुत्रं कुठं घेता?" खरंच जागा नव्हती. आजींचा श्वास लागला होता. मी राणीला गच्चीवर नेलं, पातेल्यात दहीभात आणि बिस्किटं ठेवली, दार ओढून घेतलं. बोट वळेपर्यंत ती कठड्यावर पाय टेकवून बघत होती. भुंकली नाही. भुंकली असती तर बरं झालं असतं.

विश्रामबागेत नणंदेकडे आम्ही कोरडे होतो. मला झोप नव्हती, पण पूरभर कुणापाशी बोलले नाही. माणसं वाहून जात असताना कुत्र्याचं काय सांगायचं? हीच लाज वाटत होती. आज त्या काकांनी पोरीच्या तोंडावर मारली ती हीच लाज.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर फोटो आला. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकलेली राणी, आणि शेजारी एक पोरगा, ओला चिंब. कॉलेजची पाच-सहा पोरं बोटीतून दूध आणि पाणी वाटत फिरत होती, येताना मुकी जनावरं घेऊन येत होती. दूध आधी माणसांना दिलं होतं, हे मुद्दाम लिहिते, कारण प्रश्न तोच येणार. त्या पोरानं तिला पोत्यात गुंडाळून आणलं. घाबरून ती त्याला दंडाला चावली. आम्हाला हे कळलं महिन्याभरानं, तेही त्याच्या मित्राकडून. पाच सुया घेतल्या त्यानं. चावलं त्या दिवशी पहिली, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सगळीकडे चिखल असताना न चुकता गेला. राणीला मात्र आमच्याकडे देताना म्हणाला, "मावशी, फार शहाणी आहे हो."

आता काका, तुमच्या कोर्टाबद्दल. सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश मीही वाचलाय. शाळा, कॉलेज, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला, परत तिथं सोडू नका, असं सांगितलंय. पण नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवा, असंही त्यातच आहे. हाकला आणि मारा असं कुठंही नाही. निवाऱ्यात ठेवायचं तर तो निवारा कुठं आहे? खाणं कोण घालणार, जखम कोण धुणार? नसबंदीचे नियम २००१ पासून आहेत, २०२३ ला नवे आले, जबाबदारी स्थानिक संस्थांची म्हणून स्पष्ट लिहिलंय. नसबंदी झाली की खूण म्हणून कानाला खाच पाडतात. तुमच्या-माझ्या गल्लीत तशी खाच असलेली किती कुत्री दिसतात, मोजा एकदा. ते मोजायचं सोडून आपण एकोणीस वर्षांच्या पोरीला जाब विचारतो.

आणि रेबीज कुणाला होतो हो? माणसालाही ना? एकदा लक्षणं दिसली की माणूस हातचा जातो, औषध नाही. कुत्र्याला वर्षातून एक सुई टोचली तर शेजारचं पोरगं वाचतं. ती पोरं माणसांचंच काम करतायत.

हे काही नवं फॅडही नाही. परळचं जनावरांचं हॉस्पिटल १८८३ चं आहे, दिनशॉ पेटिट यांनी बायकोच्या, बाई साकरबाईंच्या नावानं उभं केलेलं. तेव्हाही लोक गरीब होते, तेव्हाही दुष्काळ पडायचे.

चावतात हे खरं आहे. माझ्या जावेच्या नातवाच्या पोटरीला टाके पडलेत, त्याच्या आईला मी दया-बिया शिकवायला जाणार नाही. तिची भीती खरी आहे.

पण काकांना भीती नव्हती, नुसता तुच्छपणा होता. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले, ही गोष्ट कीर्तनात लागली की हेच काका उपरण्यानं डोळे पुसतात. मी पुढच्या रांगेत बसून पाहिलंय. मग दारातलं कुत्रं आलं की दगड का उचलायचा? वर्गणी म्हणून चौकात डीजेला किती दिले, कुणी विचारत नाही. इथं मात्र पोरांकडे पै-पैचा हिशेब मागायचा. आणि हिशेब होता तिथं! शंभर पानी वही, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, बीटाडीनच्या बाटलीची पावतीसुद्धा टाचणीनं लावलेली.

थोडी शांत झाले, चहा घेऊन आले.

काका वाईट नाहीत. पुरात त्यांचंही दुकान गेलं, त्यांना उभं राहायला कुणी स्टॉल लावला नाही. तो राग कुठंतरी असणार. तो राग मी समजू शकते. पण तो त्या पोरीवर का काढायचा? तिच्या वयाच्या पोरानंच तर माझी राणी आणली होती, आणि मी त्याचं नावही धड विचारलं नाही. पेढे दिले आणि दार लावलं. राणी त्यानंतर साडेतीन वर्षं जगली. आमच्याच पायरीवर, दुपारच्या उन्हात, झोपेत गेली.

तिचा पट्टा अजून दारामागच्या खिळ्याला आहे. मघाशी काढून पाहिला. आतल्या बाजूला तिचे चार-पाच केस अडकलेत.

तर स्टॉल उद्याही आहे, संध्याकाळी पाचपर्यंत. पैशांशिवाय पोरांना जुने टॉवेल, चादरी, रद्दी आणि झाकणाचे डबे हवेत. सुती असेल तर उत्तम, टेरिकॉट नको, जखमेला चिकटतं असं त्या पोरीनंच सांगितलं. गेट कोणतं ते मेसेजमध्ये विचारा, सांगते. मी सासूबाईंची दोन जुनी लुगडी धुऊन वाळत घातलीत.

काका रोज अकराच्या सुमाराला तिथूनच जातात. मी साडेदहालाच जाऊन उभी राहणार आहे.