पवनचक्कीनं पाऊस पळत नाही

चार दिवसांपासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांचे पंखे ढग हाकलतात, म्हणून विदर्भ कोरडा. कंपन्यांनाच पाऊस नको आहे. चक्क्यांनी हवाही तापते. बंद पाडा.’ सोयाबीन फुलोऱ्यात आहे, बरडावर भेगा पडल्यात. अशा दिवसांत माणूस आभाळाकडं पाहून कुणाला तरी दोष देणारच. तरीही मेसेज चुकीचा आहे.

‘पंखा’ या शब्दातच घोटाळा आहे. घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो. पवनचक्की वाऱ्याची ताकद घेऊन वीज देते. जत्रेतली भिंगरी पोरगं वाऱ्यात धरतं, तेव्हा वाऱ्यानं भिंगरी फिरते, भिंगरीनं वारा सुटत नाही. उलट चक्कीच्या मागं वारा मंदावतो, आणि काही अंतरावर पुन्हा पहिल्यासारखा होतो. नव्या चक्क्यांच्या पात्याचं टोक साधारण दीड-दोनशे मीटरवर पोचतं. गडगडाटी पावसाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याला हाकलणार कोण?

आता आपला पाऊस. आपल्याकडं झड लागते ती बहुतेकदा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडवरून इकडं सरकतं तेव्हा. म्हणजे पूर्वेकडून. सातारा यवतमाळपासून पाचशे किलोमीटरवर, तोही पश्चिमेला. मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडं खंड पडतो. 1899 च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळलं, 1972 चा तर आजही घरोघरी सांगितला जातो. देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले 1986 च्या सुमारास.

‘तिकडं चक्क्या आल्या नि पाऊस गेला’ असंही मेसेजवाले म्हणतात. सह्याद्रीच्या पूर्वेचा माण-खटावचा पट्टा चक्क्यांच्या कितीतरी आधीपासून अवर्षणाचा आहे. घाट ओलांडताना ढगातलं पाणी पश्चिमेच्या बाजूलाच पडून जातं.

कंपन्यांना पाऊस नको असतो, हे तर अगदी उलटं. त्यांची कमाईच पावसाळी वाऱ्यावर. जून ते सप्टेंबर हा त्यांचा हंगाम, आणि मान्सून कमजोर पडला की त्यांचीही वीज घटते. जमिनीचा मोबदला, शेतातून काढलेले रस्ते, यावरून कंपन्यांशी भांडायला हवं. पण ते भांडण पावसाचं नाही.

हवा तापण्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते लपवू नये. रब्बीत पहाटे हरभऱ्यात गेलं की पाय दहिवरानं भिजतात. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, थंड हवा तळाशी साचते आणि वर त्यापेक्षा उबदार थर राहतो. फिरती पाती हे दोन्ही थर घुसळतात, त्यामुळं चक्क्यांच्या आसपास रात्री जमिनीलगत थोडं गरम वाटतं. शास्त्रज्ञ लिमिंग झोऊ आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या पवनचक्क्यांच्या भागात उपग्रहाच्या नोंदींवरून हेच पाहिलं आणि 2012 साली छापलं. पण ही वरची ऊब खाली येते, नवी तयार होत नाही. कोळसा जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड सगळ्या पृथ्वीला तापवतो, त्याची तुलना याच्याशी करू नये.

मला चीड येते ती एका गोष्टीची. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि आपला मान्सून बऱ्याचदा कमजोर पडतो, त्या एल निनोचं वर्ष होतं. तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी सलग 21 दिवसांहून जास्त खंड पडल्यावर पीकविम्याच्या 25 टक्के आगाऊ भरपाईचा प्रश्न उभा राहिला. आणि भांडण लागलं ते याच गोष्टीवर: कोणत्या महसूल मंडळात किती दिवस कोरडे गेले, मंडळाच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडला का. दादा, काका, त्या दिवसांची तारीखवार नोंद आपल्यापैकी किती जणांच्या वहीत होती? मेसेज पुढं ढकलण्याऐवजी आज तुमच्या वावरात किती मिलिमीटर पडला, ते ग्रुपवर टाका.